तेरा नावांची घंटा

१

पहिला टोला पडला आणि माझ्या हातातला कॉफीचा कप ओठांपाशीच थांबला.

घंटेचा आवाज आधी उठतो आणि मग लांबत जातो. हा उठलाच नाही. फुटक्या माठावर टिचकी मारल्यासारखा ‘थड’ वाजला आणि संपला. मागून बाकीच्या पाच घंटा ओळीने, मोठ्या होत वाजल्या, त्या ठीक होत्या. पुन्हा पहिलीची पाळी आली. पुन्हा थड.

मी डोरोथी डिमेलो. माहेर वसईचं, आणि गेली पंचवीस वर्षं कॅनडातल्या वॉटर्लूमध्ये लोकांचे कान तपासते. त्या रविवारी मी ब्रायरफील्डला आले होते ती ऋचामुळे. ऋचा वडके माझ्या क्लिनिकच्या रिसेप्शनवर असते. तिचा नवरा ईश्वर या गावातल्या सेंट ऑस्वल्ड चर्चची सगळी देखभाल बघायचा. फर्नेस, छप्पर, गवत, बर्फ सगळं त्याच्याकडे. “ताई, एकदा घंटा ऐकायला याच,” असं ऋचा वर्षभर म्हणत होती. अशा दोरीने पूर्ण गोल फिरवून वाजवायच्या सहा घंटांचा संच कॅनडात फार थोड्या ठिकाणी आहे, आणि वसईच्या माणसाला चर्चच्या घंटेचं वेड असतंच.

वाजवणं थांबलं. मनोऱ्याच्या अरुंद दारातून वाजवणारे एकेक करून बाहेर आले. शेवटी आला त्यांचा प्रमुख, हॅरल्ड पेनफोल्ड. वय एकोणऐंशी, उंच आणि ताठ. साठ वर्षं त्याने या घंटा वाजवल्या होत्या. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“मी वर जाऊन बघून आलो,” तो म्हणाला. “ट्रेबलला तडा गेलाय. वीतभर.”

ट्रेबल म्हणजे सहांतली सर्वांत लहान, सर्वांत उंच स्वराची घंटा. गवतावर उभ्या असलेल्या माणसांनी मनोऱ्याकडे पाहिलं.

चर्चचा कारभार बघणारी वॉर्डन मार्लीन ऑस्ट्रँडर पुढे झाली. “बुधवारी दुपारी मी स्वतः सहाही घंटांवर भजन वाजवलं. तेव्हा ती चांगली होती. चर्चच्या बुधवारच्या जेवणाला आलेले तीस जण साक्षीला आहेत.” मग तिने मान वळवली. “त्यानंतर वर कोण गेलं होतं ते मला माहीत आहे. शुक्रवारी ईश्वर मोगरी घेऊन वर होता. मी पाहिलंय.”

ईश्वर माझ्या शेजारीच उभा होता. त्याने खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला आणि कुणी मागायच्या आधीच तिच्या हातात ठेवला. तेच त्याचं चुकलं. ते कबुलीसारखं दिसलं.

२

“मी कबुतरांची जाळी ठोकत होतो, डोरोथीताई. मोगरी लाकडाची आहे. लाकडाने काशाला तडा जात नाही.”

आम्ही त्यांच्या बेसमेंट अपार्टमेंटमध्ये बसलो होतो. ऋचाने पोहे केले होते, पण कुणीच खात नव्हतं. ईश्वर बेचाळीस वर्षांचा, जातीचा तांबट. पुण्यात त्याच्या आजोबांचं भांड्यांचं दुकान होतं. घंटा बघून त्याने पहिल्याच दिवशी हॅरल्डला सांगितलं होतं, की तुमच्या ट्रेबलचं काठाकडचं कासं बाकीच्यांपेक्षा कडक आहे, जपा.

“आणि आता गावातले तेच बोलून दाखवतात,” ऋचा म्हणाली. “म्हणे याला धातूतलं कळतं, म्हणजे कुठे मारायचं तेही कळतं. पोलीस येऊन नाव लिहून घेऊन गेला. मार्लीन म्हणते, चौकशी संपेपर्यंत कामावर यायचं नाही. आणि पत्रही मिळणार नाही.”

“कसलं पत्र?”

“पीआरच्या, इथे कायमचं राहायच्या परवान्याच्या, फाइलला याच्या नोकरीचं पत्र लागतं. शेवटची तारीख ऑक्टोबरातला थँक्सगिव्हिंगचा सोमवार. पंधरा दिवस राहिलेत.”

ईश्वर पोह्यांतले शेंगदाणे बाजूला काढत होता. मी त्याला सरळ विचारलं, “तू कधी ती घंटा वाजवून बघितलीस का? खरं सांग.”

“एकदा. गेल्या वर्षी.” त्याने दोन्ही तळवे उघडून दाखवले. आडवे, गुळगुळीत व्रण होते. “ती आपल्या देवळातल्या घंटेसारखी नसते, ताई. दोरी ओढली की घंटा वर जाऊन उलटी उभी राहते, पुन्हा ओढली की पूर्ण फिरून दुसरीकडे उभी राहते. वेळेत सोडता आली नाही तर दोरी तुम्हाला घेऊन वर जाते. मी पाच फूट वर गेलो आणि सालपटं काढून खाली आलो. हॅरल्ड म्हणाला, शिकायला वर्ष लागतं, तोपर्यंत हात लावायचा नाही. मी नाही लावला.”

“किल्ल्या कुणाकुणाकडे असतात?”

“मार्लीन, हॅरल्ड आणि मी. बाकीचे वाजवणारे बाहेरगावचे आहेत, त्यांना हॅरल्डच दार उघडून देतो.”

निघताना ऋचा गाडीपर्यंत आली. “तुमचं बोलणं ते ऐकतील,” ती म्हणाली. “तुम्ही इथल्या झालात.”

मी इथली किती झाले होते ते मला माहीत होतं. पण तिला हो म्हणाले.

३

दुसऱ्याच दिवशी मी हॅरल्डकडे गेले. चर्चच्या मागच्या रस्त्यावर त्याचं विटांचं छोटं घर होतं. बायको जाऊन सहा वर्षं झालेली. त्याने मला स्वयंपाकघरात बसवलं, समोरची खुर्ची ओढली आणि अगदी माझ्याकडे तोंड करून बसला. टीव्ही चालू होता, बातम्यांची अक्षरं खाली सरकत होती. त्याने तो बंद केला.

“तुम्ही ईश्वरच्या बाजूने आला आहात.”

“मी घंटेच्या बाजूने आले आहे,” मी म्हणाले. “तिची हकीकत सांगा.”

एवढं त्याला पुरलं. पहिल्या पाच घंटा १८८४ साली इंग्लंडमधून जहाजाने माँट्रियालला आल्या, तिथून आगगाडीने. शेवटचे वीस किलोमीटर फेब्रुवारीत, बर्फावरून, बैलांच्या घसरगाड्यांवर. सर्वांत मोठी घंटा ओढ्याचा बर्फ फुटून पाण्यात गेली आणि एप्रिलपर्यंत तिथेच पडून राहिली. गावाने तिची रात्रंदिवस राखण केली, जणू ती कुणी उचलून नेणार होतं. सांगता सांगता तो हसला.

मध्येच छताकडून ‘टीक’ असा तीक्ष्ण आवाज आला. मी दचकले. धुराच्या अलार्मची बॅटरी संपत आली की करतो तसा. हॅरल्ड पुढे बोलत राहिला.

“सहावी, ट्रेबल, १९१२ ची. आदल्या हिवाळ्यात गावात घटसर्प आला. सहा आठवड्यांत तेरा मुलं गेली. आयांनी ठरवलं की सहावी घंटा त्यांची. लोक सांगतात की बायकांनी घरातल्या तांब्याच्या किटल्या ओतायला पाठवल्या. खोटं आहे. कुठलाही ओतारी असलं तांबं घेत नाही. पण नावं खरी आहेत. तिच्या कमरेभोवती तेरा नावं ओतलेली आहेत, आडनावं नाहीत. त्यातली एडिथ माझ्या वडिलांची बहीण. चार वर्षांची.”

‘टीक.’

“दर वर्षी तीन डिसेंबरला आम्ही फक्त ट्रेबल वाजवतो. तेरा टोले. मी एकोणीस वर्षांचा असल्यापासून ते टोले मीच देतो.” त्याने चष्मा काढून पुसला. “ती मुलांसारखी गाते. गायची.”

“आता ती दुरुस्त होत नाही का?”

“काय म्हणालात?” चष्मा घालून त्याने पुन्हा माझ्याकडे पाहिलं.

मी प्रश्न पुन्हा विचारला.

“ओतारी म्हणतो, सांधून भरवसा नाही. वितळवून नवी ओतावी लागेल. वितळवली की नावं गेली. नवीवर पुन्हा कोरता येतील, पण ती नावं त्या आयांनी घातलेली नसतील.” तो उठला. “हे कुणी केलं असेल त्याला देवही माफ करणार नाही, मिसेस डिमेलो. मला ईश्वर आवडायचा. म्हणून जास्त लागतं.”

तिसऱ्यांदा ‘टीक’ झालं. तो खरोखर दुःखात होता, आणि खोटं बोलत नव्हता. तेवढी माणसं मी बघितली आहेत. मी रिकाम्या हाताने परत निघाले.

४

मार्लीनने मला मनोरा दाखवायला नाही म्हटलं नाही. ती दुष्ट बाई नव्हती. तीस वर्षं एकटीने ते चर्च चालतं ठेवलेली, दमलेली बाई होती.

“तुम्हाला वाटतं मी तुमच्या माणसावर डाव धरलाय,” जिना चढताना ती म्हणाली. “बिशपच्या ऑफिसातून मला पत्र आलंय. वर्षभरात हे चर्च शेजारच्या गावात विलीन करायचं. एकाच कारणासाठी ते थांबले होते. घंटा. सहांचा पूर्ण संच. आता पाच आणि एक फुटकी.”

“म्हणजे घंटा गेली की चर्चही गेलं.”

“आणि तुम्ही विचारणार, मला सुटकाच वाटत असेल का?” ती एका पायरीवर थांबली. “कधी कधी वाटते. पण मी मोडत नाही. मी बंद करते, कुलूप लावून.”

दोऱ्यांच्या खोलीत भिंतीवर एक लाकडी चौकट होती. तिच्यात सहा बारीक दोऱ्या वीणेच्या तारांसारख्या उभ्या, पण सैल.

“बुधवारी मी यावरच भजन वाजवते आणि मग दोऱ्या तशाच ताणलेल्या राहतात,” मार्लीनने सांगितलं. “या दोऱ्या ताणल्या की प्रत्येक घंटेच्या आत एक लोखंडी हातोडी वर येते. घंटा जागेवरच राहते, हातोडी टोला देते. एकटं माणूस सहाही वाजवू शकतं. पण घंटा फिरवून वाजवायच्या असतील तर आधी या दोऱ्या सैल करून हातोड्या खाली पाडाव्या लागतात.” तिने वर बोट दाखवलं. तिथे जुन्या रंगात मोठी अक्षरं होती: आधी हातोड्या. “हॅरल्डने रंगवलंय, चाळीस वर्षांपूर्वी. वाजवणाऱ्यांना तो हे आधी शिकवतो, मग दोरी हातात देतो.”

“रविवारी सैल केल्या होत्या?”

“त्यानेच केल्या. सगळ्यांसमोर.”

वर घंटांच्या मजल्यावर वारा होता. ट्रेबल तोंड खाली करून लटकत होती, मोठ्या हंड्याएवढी. तडा काठापासून वर चढत गेला होता आणि ‘टॉम’ आणि ‘एडिथ’ या दोन नावांच्या मधून गेला होता. मी फोनचा दिवा लावून गुडघ्यावर बसले आणि आत पाहिलं.

आतल्या काठावर, तडा सुरू होतो तिथेच, चकचकीत खड्डे होते. एकावर एक पडलेले. मोजायला गेले तर विसाच्या पुढे मोजता येईनात. मी खालच्या हातोडीकडे दिवा वळवला. तिचं लोखंडी डोकं एका बाजूने घासून चकचकीत झालं होतं. शेजारच्या पाच हातोड्या गंजलेल्या, जशाच्या तशा.

“मोगरीने हे होत नाही,” मी म्हणाले. “हातोडी वर असताना कुणीतरी ही घंटा फिरवली आहे. प्रत्येक फेरीला ती जाऊन लोखंडावर आदळली आहे.”

मार्लीन वाकली. बराच वेळ बघत राहिली.

“पण मग तो आवाज,” ती हळूच म्हणाली. “पहिल्याच टोल्याला दात आंबतील असा आवाज झाला असेल. दुसऱ्यांदा कोण वाजवेल?”

तोच प्रश्न माझ्याही मनात होता.

५

चर्चच्या कुंपणापलीकडे नवी वसाहत होती. पहिल्याच घरात नंदन सबनीस राहायचा. मूळचा नाशिकचा, वॉटर्लूला सॉफ्टवेअरमध्ये. टाउनशिपकडे, म्हणजे इथल्या पालिकेकडे, घंटांच्या आवाजाबद्दल त्याने अकरा तक्रारी केल्या होत्या. सगळ्या गावाचा राग त्याच्यावर होता, आणि ईश्वरनंतर दुसरं नाव त्याचंच घेतलं जात होतं.

मी मराठीत बोलल्यावर त्याने दार पूर्ण उघडलं. खांद्यावर चार महिन्यांची मुलगी झोपलेली.

“मॅडम, आय स्वेअर, मी नाही तोडली,” तो कुजबुजला. “ही दिवस भरायच्या आठ आठवडे आधी झाली. लहानशा आवाजाने निळी पडायची. तेव्हा कंप्लेंट्स केल्या. आता ती ठीक आहे. तरी मी लॉग ठेवतो, सवय लागली. कुठला दिवस, किती वाजता, किती मिनिटं. रेकॉर्डिंगसकट.”

“बुधवारनंतरचं काही आहे?”

“गुरुवार. गुरुवारी त्यांची प्रॅक्टिस असते, पण त्या दिवशी कॅन्सल होती, चर्चच्या वेबसाइटवर होतं. म्हणून तर मी इरिटेट झालो. सहा वाजून दहा मिनिटांनी चालू झालं. गावाला वाटलं असेल, प्रॅक्टिसच आहे.”

त्याने मुलीला आत नेऊन ठेवलं आणि फोन टेबलावर ठेवला.

एकच घंटा. टोल्याच्या आत दुसरा कर्कश खणखणाट, जसा कुणी पत्र्याच्या डब्यात कुऱ्हाड घालतंय. सहाव्या-सातव्या टोल्याला सूर फाटला. तरी वाजवणारा थांबला नाही. उलट जोर वाढला. दोन टोल्यांमधलं अंतर मात्र शेवटपर्यंत घड्याळासारखं सारखं. शेवटी आवाज अगदीच मेला तरीही तो वाजवतच राहिला, आणि मग एकाएकी थांबला.

“एकेचाळीस टोले,” नंदन म्हणाला. “मी लिहून ठेवलंय.”

गुरुवारी सहा वाजता ईश्वर किचनर शहरात दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीत होता. त्याला घेऊन जायला ऋचाला क्लिनिकमधून लवकर सोडलं होतं ते मीच. मला आनंद व्हायला हवा होता. पण मी नंदनच्या डायनिंग टेबलाशी बसून राहिले आणि रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं.

घंटा फिरवून, इतक्या सारख्या अंतराने वाजवायची म्हणजे शिकलेला हात हवा. ईश्वर, मार्लीन, नंदन यांच्यापैकी कुणालाच ते येत नव्हतं. वाजवणारे बाकीचे पाच जण बाहेरगावचे, त्यांच्याकडे किल्ली नव्हती. किल्ली आणि हात, दोन्ही असलेला माणूस गावात एकच होता.

आणि तो खणखणाट एकेचाळीस वेळा ऐकूनही न थांबणारा माणूस एकाच प्रकारचा असू शकतो. ज्याला तो ऐकूच आला नाही.

मला ते स्वयंपाकघर आठवलं. दर मिनिटाला छताकडून येणारी ती ‘टीक’, आणि एकदाही वर न पाहणारा हॅरल्ड. समोर खुर्ची ओढून माझ्या ओठांकडे बघत बसणारा. चष्मा काढला तेव्हा माझा प्रश्न न कळलेला. टीव्हीवरची अक्षरं. पंचवीस वर्षं मी हाच धंदा करते, आणि त्याच्या घरी तासभर बसून मला दिसलं नव्हतं. मी खुनी शोधत होते, म्हणून पेशंट दिसला नाही.

त्याहून वाईट गोष्ट मला घरी परतताना गाडीत सुचली. हॅरल्ड खोटं बोलत नव्हता. त्याला माहीतच नव्हतं.

६

मी चार दिवस हॅरल्डकडे गेले नाही. हे मी लपवत नाही. ऋचा रोज सकाळी माझ्याकडे बघायची आणि मी म्हणायचे, “बघते आहे.” मार्लीनला रेकॉर्डिंग पाठवलं. तिचं उत्तर आलं की याने ईश्वर सुटत असेलही, पण तक्रार करणाऱ्याच्या फोनच्या भरवशावर मी पोलिसांना काय सांगू? कुणी केलं ते सांगा. मी नाव लिहिलं आणि खोडलं. दुसऱ्या कुणाकडून त्याला हे कळू द्यायचं नव्हतं.

थँक्सगिव्हिंगच्या आदल्या आठवड्यात, शुक्रवारी दुपारी मी त्याच्या दारात उभी राहिले.

“हॅरल्ड, प्रॅक्टिस रद्द होती त्या गुरुवारी तुम्ही एकटेच मनोऱ्यात गेला होता.”

त्याने मला आत घेतलं. मग म्हणाला, “गेलो होतो. ते कुणाचं नुकसान होतं?”

“कशासाठी?”

तो खिडकीकडे वळला, आणि मग मी बोलले तर दिसावं म्हणून पुन्हा माझ्याकडे. “उन्हाळ्यापासून मला ट्रेबल नीट ऐकू येत नव्हती. पाच घंटा यायच्या आणि पहिल्या जागी भोक. मी इतरांच्या दोऱ्या बघून वाजवायचो, कुणाला कळलं नाही. म्हटलं, एकट्याने जाऊन नीट ऐकावं. बाकी आवाज नसला की येईल ऐकू.” त्याने हातांनी दोरी ओढल्याची खूण केली. “तेरा टोले दिले. काही नाही. म्हटलं, हात कमी पडतोय. जोराने दिले. तेराच्या तीन फेऱ्या झाल्या आणि वर दोन. मग दमलो.”

“दोरी हाताला कशी लागत होती?”

“जड. दर टोल्याला झटका बसायचा. वाटलं, माझेच खांदे गेले.”

साठ वर्षं घंटा वाजवलेला माणूस होता तो. मला बोलावंच लागलं नाही. त्याचे डोळे माझ्या चेहऱ्यावर थांबले, आणि मग हळूहळू त्याची नजर स्वतःच्या हातांकडे गेली.

“हातोड्या,” तो म्हणाला.

“हो.”

“मी हातोड्या पाडल्या नाहीत.”

“नाही.”

त्याने रेकॉर्डिंग मागितलं. मी नको म्हणाले, त्याने हात पुढे धरून ठेवला. फोन त्याने कानाला लावला, मग दुसऱ्या कानाला. खणखणाटाने मला दात आवळावे लागत होते. तो कपाळाला आठ्या घालून ऐकत होता.

“नुसती धडधड येते,” तो म्हणाला. “बाकी काही नाही.” मग फोन टेबलावर ठेवून तो पडद्यावरची आवाजाची रेघ बघत बसला. प्रत्येक टोल्याला ती उंच उडी मारत होती. त्याने शेवटपर्यंत मोजलं. “एकेचाळीस. बरोबर आहे.”

मी पाणी आणलं. त्याने ते घेतलं नाही.

“मी त्याला चोरासारखं वागवलं,” तो म्हणाला. “सगळ्या गावासमोर.”

त्याने तिथेच कागद घेतला आणि मार्लीनला पत्र लिहिलं. फक्त सहा ओळी. कारण लिहिलं नाही, ‘माझ्या हातून हातोड्या पाडायच्या राहिल्या’ एवढंच. कानांबद्दल लिहा, लोक समजून घेतील, असं मी म्हटलं. “ते समजून घेतील,” तो म्हणाला, “आणि मला ते नको आहे.”

मग तो कोट घालून ईश्वरकडे चालत गेला. मी बरोबर गेले. बेसमेंटच्या पायऱ्या उतरताना त्याने कठडा धरला. ईश्वरने दार उघडलं, सगळं ऐकून घेतलं, आणि हॅरल्डला आत बोलावून खुर्ची दिली. स्वतः उभाच राहिला. मग तो मराठीत मला म्हणाला, “ताई, यांना सांगा, मी रागावलो नाही. पण मला बरंही वाटत नाहीये.”

मी हॅरल्डला पहिलंच वाक्य सांगितलं.

७

मार्लीन लाँग वीकेंडला उत्तरेकडच्या कॉटेजवर गेली होती. तिथे फोन लागत नाही. शनिवारी, रविवारी, सोमवारी आम्ही फोन करत राहिलो. चर्चच्या लेटरहेडवर सही करण्याचा अधिकार फक्त तिला होता. सोमवारी संध्याकाळी ऋचाने हॅरल्डच्या पत्राची प्रत, पगाराच्या पावत्या आणि एक खुलासा जोडून फाइल पाठवून दिली. नोकरीच्या पत्राची जागा रिकामीच राहिली.

मंगळवारी मार्लीन परतली. पत्र वाचून ती सरळ त्यांच्या घरी गेली, रडली, नोकरीचं पत्र लिहून दिलं, किल्ल्या परत दिल्या. पत्र आता जोडता येत नव्हतं. फाइलचं काय होतं याला अजून उत्तर नाही. ऋचा रोज जेवणाच्या सुट्टीत वेबसाइट उघडते आणि बंद करते. किल्ल्याही फार दिवस राहणार नाहीत. विलीनीकरणाची तारीख आली आहे, मे अखेर. घंटांचं काय करायचं ते बिशपचं ऑफिस ठरवेल.

नोव्हेंबरच्या मध्यावर हॅरल्ड माझ्या क्लिनिकमध्ये आला. स्वतः गाडी चालवत. ऋचाने त्याचा फॉर्म भरून घेतला, त्याचा कोट अडकवला, त्याला आत आणून सोडलं.

मी त्याला आवाजबंद खोलीत बसवलं, हेडफोन लावले, हातात बटण दिलं. “सूर ऐकू आला की दाबायचं,” मी सांगितलं. “अगदी बारीक असला तरी.” मग बाहेर येऊन काचेपलीकडे माझ्या यंत्राशी बसले.

खालच्या सुरांना तो बरोबर दाबत होता. मधल्यांना उशिराने. मग मी वर गेले, ट्रेबलच्या पट्टीत. काही नाही. आवाज वाढवला, आणखी वाढवला. तो स्थिर बसला होता, डोळे मिटून. यंत्राची मर्यादा आली तिथे मी थांबले आणि टिपण करायला पेन उचललं.

समोर यंत्रावरचा दिवा लागला. त्याने बटण दाबलं होतं.

मी काहीच वाजवलं नव्हतं.

थोड्या वेळाने पुन्हा दिवा लागला. मग पुन्हा. सारख्या अंतराने. काचेपलीकडे त्याचा चेहरा सैल झाला होता, ओठ मोजल्यासारखे किंचित हलत होते. असं पुष्कळ पेशंट करतात. ऐकू यावं असं फार वाटलं की हात दाबून मोकळा होतो. नियम असा की खिडकीवर टकटक करून थांबवायचं आणि पुन्हा समजावून सांगायचं.

मी पेन खाली ठेवलं आणि दिवा लागत राहिला तोवर बसून राहिले.